केसाएवढी चाल, अडीच लाख गाड्यांचा दणका

भारताची जमीन उत्तरेकडे सरकते, वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर. या वेगाने मुंबई-पुण्याचे 150 किलोमीटर कापायला 30 लाख वर्षे! आणि ही झाली एक्सप्रेस. पॅसेंजर बघायची तर लातूर-नांदेडकडे या. इथला खडक दाबाखाली आक्रसतो. वर्षाला अब्जात एक भाग धरा. मुंबई-पुण्याएवढ्या पट्ट्यात झाले 0.15 मिलिमीटर, म्हणजे फार तर दोन केस. मोजणारे जीपीएसचे उपग्रह फिरतात 20,200 किलोमीटरवर. मुंबई-पुणे 67 वेळा जाऊन-येऊन करा, तेवढ्या लांबून दोन केस टिपायचे! तीस वर्षे टिपले, तरी पदरात साडेचार मिलिमीटर.

पण केस साठतात. मीटरभर साठायला साडेसहा हजार वर्षे सहज जातात. साठा होतो खाली, डोळ्याआड. भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भोक पाडले तेव्हा आधी 338 मीटर काळा कातळच लागला. पन्नास फुटी विहिरी एकाखाली एक खणा, बावीस झाल्या तरी हा कातळ संपत नाही.

मग 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजलेली. पहाटे 3:56. भूकंप, तीव्रता 6.2. लाटांतून सुटलेली ऊर्जा साडेतीन कोटी युनिट. आठ रुपये दराने बिल 28 कोटी. बस्स? थांबा. तेराशे टनांची, ताशी 100 किलोमीटरने धावणारी गाडी घ्या. अशा अडीच लाख गाड्या एकदम आदळल्या! तेवढ्या जोरावर पंधरा मीटर खोल विहिरीतून 86 हजार कोटी लिटर पाणी वर येईल. 2016च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला आलेली पन्नास वाघिणींची जलदूत आणायची 25 लाख लिटर. रोज एक खेप धरली, तर 940 वर्षे! 2016ला काम संपवायचे, तर कल्याणीच्या गादीवर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य बसला, त्या साली पहिली गाडी सुटायला हवी होती.

माणसे गेली दहा हजारांच्या आसपास. या आकड्याला मी कशाचीच उपमा देणार नाही.

21 मार्च 2024च्या सकाळी हिंगोलीत 4.5चा धक्का बसला, नांदेडची माणसे घराबाहेर धावली. किल्लारीची बरोबरी करायला असे साडेतीनशे धक्के लागतील. गंमत नव्हे, पेच इथेच आहे. किल्लारीलाही 1992मध्ये, वर्षभर आधी, लहान हादरे बसतच होते. ती चाहूल होती हे कळले नंतर. बहुतेक लहान हादरे लहानच राहून विरतात, आणि हजारांतला नेमका कोणता पुढे फुगणार, हे भूकंपमापकाच्या कागदावरच्या रेषेत अजून कुणाला वाचता आलेले नाही.