जूनमध्ये पिवळे पडणारे डोंगर

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, फ्रीमाँट किंवा सनीव्हेलमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तिथली हवा मनापासून आवडते. दुपारी कोरडं ऊन, घाम नाही, संध्याकाळी पातळ स्वेटर लागेल इतका गारवा. उन्हाळ्यात असं हवामान म्हणजे चैनच!

पण जून उजाडतो आणि मन सह्याद्रीकडे धाव घेतं.

कारण कॅलिफोर्नियात पावसाचा क्रम नेमका उलटा आहे. मुंबईचा नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. त्याच महिन्यांत कॅलिफोर्नियाचा किनारा जवळजवळ कोरडा असतो. उत्तर प्रशांत महासागरावरचा उच्च दाबाचा पट्टा पावसाळी वादळांना उत्तरेकडे ढकलतो. किनाऱ्यालगतच्या थंड सागरी प्रवाहावर धुकं तयार होतं आणि गोल्डन गेटमधून आत शिरतं. दिसायला ते थेट लोणावळ्याचं, पण मृद्गंध मात्र नाही. ही उणीव फार जाणवते.

सह्याद्री हिरवा होत असताना फ्रीमाँटच्या मिशन पीकसारखे डोंगर गवत वाळून पिवळे पडलेले असतात. गणपतीही कोरड्या उन्हात येतात; सॅन फ्रान्सिस्कोत तर सप्टेंबर हा सरासरीने सर्वांत उबदार महिना.

पहिला दमदार पाऊस अनेकदा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत तेच डोंगर हिरवेगार होतात. वर्षासहलीची हौस असलेल्यांनी मिशन पीकची चढण तेव्हाच करावी, रेनकोट आणि थर्मासभर आल्याचा चहा घेऊन.