सूचना वाचणारे मॉड्यूल

संगणकाला स्वतःची इच्छा नाही. अक्षरे केवढी दाखवावीत, कोणती भाषा वापरावी, माहिती कोठे साठवावी, हे त्याच्या आज्ञावलीला कोणीतरी सांगावे लागते. अशा सूचना मूळ आज्ञावलीतच गोवल्या, तर लहानशा बदलासाठीही ती सारी उलगडावी लागेल. म्हणून त्या एका निराळ्या फाइलीत लिहितात. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. ती वाचण्याचे काम आज्ञावलीचा जो सुटा भाग करतो, त्याला मॉड्यूल असे नाव आहे.

पायथॉन या संगणकभाषेतील ‘पाययॅमल’ हे असेच एक मॉड्यूल. यॅमल पद्धतीने लिहिलेल्या फाइली ते वाचते. पूर्वी ते मोठे आज्ञाधारक होते. किंबहुना जरा अधिकच! फाइलीत विशिष्ट खुणेने एखादी कृती लिहिलेली असली, तर ते ती वाचून थांबत नसे, करूनही मोकळे होई. कारकुनाने आलेले पत्र धन्याला वाचून दाखवावे, हे योग्य. परंतु ‘तिजोरी उघडून रस्त्यावर ठेवा’ असे कोणा भामट्याने लिहिले, म्हणून त्याने खरोखरच किल्ली काढावी, याला काय म्हणावे? परक्याची एक फाइल वाचताच संगणकावरील सारी कागदपत्रे नाहीशी होण्याचे भय होते.

निव्वळ वाचनाची सुरक्षित रीत त्या मॉड्यूलमध्ये होतीच; पण तिचे नाव लांब आणि धोक्याच्या रीतीचे आखूड. साहजिकच पुष्कळ लोक आखूड नाव लिहीत.

२०१८ साली निघालेल्या आवृत्तीत आखूड नावानेही सुरक्षित वाचनच होऊ लागले. हेतू उत्तम होता. परंतु जुन्या रीतीवर विसंबलेल्या आज्ञावली अशा एकाएकी झालेल्या बदलाने अडतात. ती आवृत्ती मागे घेण्यात आली. मग मार्च २०१९ मध्ये ५.१ ही आवृत्ती आली. कोणी वाचनाची रीत न सांगता फाइल उघडली, तर ती काम अडवीत नसे. पूर्वीपेक्षा जपून करी आणि वर इशारा देई. आज्ञावलीकारांना सुमारे अडीच वर्षांचा अवधी मिळाला. २०२१ च्या ६.० या आवृत्तीपासून मात्र रीत सांगितल्यावाचून हे मॉड्यूल फाइलीला हातच लावीत नाही.

एक खोड तेवढी राहिली आहे. नॉर्वे देशाचे दोन अक्षरी चिन्ह इंग्रजीतील ‘नो’ या शब्दासारखेच आहे. ते तसेच लिहिले, तर हे मॉड्यूल त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेते आणि देशांच्या यादीतून नॉर्वे गायब होतो! त्यासाठी त्या दोन अक्षरांना आजही अवतरणचिन्हे घालावी लागतात.