काठाकडून आत

अंबा नदीच्या काठचं नागोठणे बहुतेकांना मुंबई-गोवा रस्त्यावरचं गाव म्हणून माहीत असतं, नाहीतर तिथल्या पेट्रोकेमिकल कारखान्यामुळे. पण पेण-रोह्याचा हा पट्टा मुळात भातशेतीचा. पेरणीपासून झोडणीपर्यंत बायकांच्या हाताला उसंत नसते. त्यामुळे गोधडीचं काम कोरड्या महिन्यांवर जातं, आणि ते पावसाच्या आत उरकावं लागतं. ओल धरलेली जाड गोधडी कोकणातल्या आषाढात वाळत नाही.

गोधडीचा हिशोब लुगड्यापासून सुरू होतो. नऊ वार म्हणजे २७ फूट. लुगडं चौपदरी केलं की पावणेसात फूट लांबीचे चार थर हाती येतात. मोठ्या माणसाला पुरेल एवढी लांबी, आणि त्यासाठी कात्री लावावी लागत नाही. नेसून नेसून लुगडं विरतं ते बसायच्या जागी आणि गुडघ्यापाशी. पदर आणि काठ बहुधा शाबूत राहतात. म्हणून विरलेला भाग आत, थरांमध्ये जातो. वरचे चौकोन निघतात ते पदरातून, काठांतून, जुन्या सदऱ्यांच्या पाठीतून, मुलींच्या परकरांतून. कुठलं कापड कुठे जाणार हे रंगाच्याही आधी त्याची झीज ठरवते. ही पारख शिवणकामाच्या वर्गात सहसा शिकवली जात नाही, आणि ती शिकवायला हवी.

तुकडे काढताना कडेला छोटा काप देऊन कापड फाडायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, त्यामुळे कड आपोआप सरळ येते. जुन्या डोळ्यांना आणि बोथट कात्रीला हे सोयीचं. आधी वीतभर रुंदीची पट्टी फाडायची. मग तिचं टोक तिरकं दुमडून आडवी कड उभ्या कडेवर बसवायची आणि जिथे दुमड संपते तिथे पट्टी फाडायची. चौकोन तयार, मोजपट्टीशिवाय. त्रिकोण हवा असेल तर हाच चौकोन कर्णावर कापायचा. इथे मात्र कात्रीच लागते, आणि कर्णाची कड धाग्याला तिरकी असल्याने ताणली की लांबते. ती ओढून शिवली तर चौकट वाकडी बसते. नवखी बाई त्रिकोणापाशी अडते ती याच कारणाने.

गोधडी आणि अमेरिकेतलं क्विल्ट यांत खरा फरक आहे तो पुढे, जोडणीत.

अमेरिकेतल्या क्विल्टमध्ये सहसा आधी फक्त वरचा पदर तयार करतात. नऊ तुकड्यांचा साधा ठोकळा घ्या. तीन-तीन तुकड्यांच्या तीन ओळी शिवायच्या, एका ओळीची शिवण डावीकडे आणि पुढचीची उजवीकडे दाबायची, म्हणजे ओळी जोडताना सांधे एकमेकांत नीट बसतात. शिवणीला पाव इंच कापड सोडायचं. मापात इंचाचा सोळावा भाग चुकला तर एका शिवणीत कळत नाही, पण आठ शिवणींत तीच चूक अर्ध्या इंचाची होते. असे ठोकळे जोडून पदर पुरा झाला की मग त्याखाली कापूस, त्याखाली अस्तर, आणि शेवटी तिन्हींतून टाका.

गोधडीत ही दोन कामं एकच असतात. थर जमिनीवर अंथरून त्यावर चौकोन ठेवायचा, कड आत दुमडायची आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा. दुसरा चौकोन पहिल्यावर बोटभर चढवायचा आणि टाका पुढे न्यायचा. जोडही तोच, भरावही तोच. मापात चुकलेला पाव इंच शेजारच्या तुकड्याखाली निमूट जातो. या पद्धतीला कमी कौशल्याची समजणं अन्यायाचं आहे. तिने कौशल्य मापातून काढून हाताच्या ताणात ठेवलं आहे.

अनेक ठिकाणी सुरुवात कोपऱ्यातून होते. टाका कडेकडेने चारी बाजू फिरतो, एका चौकटीच्या आत दुसरी चौकट पडत जाते आणि मध्य सर्वांत शेवटी भरतो. यात एक धोका असतो. सैल कापड टाक्यापुढे सरकत मध्यावर गोळा होतं. म्हणून थर ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्यासारखं जड काही ठेवायचं आणि हाताहाताच्या अंतरावर कच्चे टाके घालून घ्यायचे. काम संपल्यावर ते उसवायचे.

हीच रीत दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, दिसते. जंजिऱ्यामुळे सिद्दींचं नाव रायगडला परकं नाही. यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी मात्र जंगलपट्ट्यात राहणारे, शेतमजुरी करणारे. त्यांच्या कवंदीच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणांची फुलं असतात. २००४ साली त्यांची गोधडी शिवणाऱ्या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंद्या परदेशी प्रदर्शनांत गेल्या. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या कपड्यांतूनच क्विल्ट शिवत आल्या. त्यांचा ‘हाउसटॉप’ हा नमुना नेमका उलट वाढतो, मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत बाहेर. २००६ साली त्यांच्या क्विल्टची चित्रं अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. महाराष्ट्राच्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. अशा कामाची मराठीत अजून भरपूर जागा आहे.

आता अडचण कापडाची आहे. घरात सुती लुगडी कमी, सिंथेटिक साड्या जास्त. ते कापड घाम शोषत नाही, दुमडलेली कड बोटाखालून निसटते आणि कापलेल्या टोकाचे धागे सुटत राहतात. तरी वापरायचंच असेल तर त्याचे तुकडे वर लावावेत, आतले थर सुती ठेवावेत, दुमड अर्ध्या इंचाची घ्यावी आणि टाके जवळ घालावेत.

पहिल्यांदा शिवणाऱ्याने मोठ्या गोधडीच्या वाटेला जाऊ नये. बाळाचं दुपटं घ्यावं. तयार झाल्यावर नऊ इंच दिसतील असे वीस चौकोन, चार-चारच्या पाच ओळींत, म्हणजे तीन फूट बाय पावणेचार. खाली धुऊन मऊ झालेल्या साडीचे दोनच थर, दोरा सुती, टाक्यांच्या ओळींत दोन बोटांचं अंतर. गाठी थरांच्या आत दडवाव्यात, म्हणजे बाळाच्या अंगाला टोचत नाहीत.