घोडा बदलला, पत्र तेच!

मित्रांनो, बदलापूर हे नाव कसं पडलं, ठाऊक आहे? जुनी माणसं सांगतात, की पूर्वी या वाटेने जाणारे स्वार इथे थांबत, दमलेला घोडा सोडून ताज्या दमाचा घोडा घेत आणि पुढे निघत. घोडे बदलायचं गाव, म्हणून बदलापूर! गंमत अशी, की घोडा बदलला तरी स्वाराच्या थैलीतलं पत्र तेच राही. आजची गोष्ट अशाच एका पत्राची आहे. फक्त यातले घोडे म्हणजे संगणक!

समजा, बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत एक घर आहे. घरात दोन संगणक. दादाच्या संगणकावर लिनक्स, धाकट्या बहिणीच्या संगणकावर विंडोज. दादाने ‘सी’ भाषेत निरोप पाठवायचा एक प्रोग्राम लिहिला आणि तिला दिला.

“दादा, तुझा प्रोग्राम माझ्याकडे चालतच नाही!”

“असं कसं? माझ्याकडे तर कालपासून मस्त चालतोय.”

“मग येऊन बघ ना!”

दोघांचंही म्हणणं खरं होतं. असं का झालं असेल?

सॉकेट म्हणजे काय?

भिंतीवरच्या सॉकेटमध्ये पंख्याची पिन खोचली, की पंखा फिरतो. वीज कोयनेहून आली की आणखी कुठून, हे पंख्याला ठाऊक नसतं. संगणकातही असंच सॉकेट असतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. प्रोग्रामने त्यात निरोप टाकायचा; तो पलीकडे पोचवायचं काम संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, करते. पत्ताही लागतोच. आयपी पत्ता म्हणजे जणू इमारत आणि पोर्ट क्रमांक म्हणजे खोली.

ही कल्पना अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाने १९८३ साली आपल्या युनिक्समध्ये आणली. पुढे विंडोजसाठी वेगवेगळ्या कंपन्या आपापली जोडणी विकू लागल्या. प्रत्येकीची तऱ्हा निराळी! तेव्हा जाणकारांनी एकत्र बसून ‘विनसॉक’ नावाची सामाईक पद्धत ठरवली. तिची १.१ ही आवृत्ती १९९३ सालची. ती बर्कलेच्याच नमुन्यावर बेतलेली होती. पण हुबेहूब तशी नव्हती. दादाचा प्रोग्राम अडला तो इथेच.

फरक कुठे कुठे?

पहिला फरक अगदी सुरुवातीलाच. सॉकेटची माहिती ज्या हेडर फायलींत असते, त्यांची नावंच दोन्हीकडे वेगळी. शिवाय विंडोजला आधी ‘डब्ल्यूएसए-स्टार्टअप’ म्हणून जागं करावं लागतं. लिनक्सला याची गरज नाही.

दुसरा फरक बंद करण्याचा. लिनक्सवर सॉकेटला फाईलसारखंच वागवतात, म्हणून ‘क्लोज’ पुरतं. विंडोजवर ‘क्लोज-सॉकेट’ म्हणावं लागतं.

तिसरा फरक मात्र मोठा लबाड! लिनक्सवर सॉकेट उघडलं नाही, तर उणे एक मिळतो. म्हणून दादाने विचारलं होतं, “क्रमांक शून्यापेक्षा लहान आहे का?” विंडोजवर हा क्रमांक ऋण असूच शकत नाही! त्यामुळे उत्तर नेहमी ‘नाही’ येतं आणि चूक गुपचूप निसटून जाते.

अंडं कुठून फोडायचं?

गलिव्हरच्या सफरीत अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून भांडणं होतात. संगणकांचाही असाच वाद आहे. त्याला या गोष्टीवरून नाव दिलं ते डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने, १९८० साली.

वेबपानांसाठी ८० क्रमांकाचं पोर्ट ठरलेलं आहे. पोर्ट क्रमांक दोन बाइटांत लिहितात. आधी ०, मग ८०. म्हणजे ० × २५६ + ८० = ८०. पण काही संगणक लहान भाग आधी ठेवतात. तसाच पाठवला, तर तो वाचला जाईल ८० × २५६ + ० = २०४८०! पत्र भलत्याच खोलीत!

म्हणून जाळ्यावर सर्वांसाठी एकच नियम आहे : मोठा भाग आधी. ‘एचटीओएनएस’ हे फंक्शन ती अदलाबदल करतं. जिथे गरज नसते, तिथे ते आकड्याला हातही लावत नाही. म्हणून ते सगळीकडे बिनधास्त वापरावं.

एकच पागा

मग काय, प्रोग्राम दोनदा लिहायचा? छे! दादाने एक वेगळी फाईल केली आणि तिला नाव दिलं ‘पागा’. “विंडोज असेल तर असं कर, नाहीतर तसं कर” हे सगळं तिच्यात कोंबलं. उरलेला प्रोग्राम एवढंच म्हणतो, “सॉकेट उघड, निरोप दे, बंद कर.” उद्या तिसरी कार्यप्रणाली आली, तर फक्त पागेत भर घालायची. पायथन भाषा शिकणाऱ्यांनो, तुमच्या ‘सॉकेट’ मॉड्यूलमध्ये यातलं बरंचसं काम आधीच करून ठेवलेलं असतं.

संध्याकाळी दादाच्या पडद्यावर निरोप झळकला : “दादा, पोचलं का? आई जेवायला बोलावतेय!”

मित्रांनो, घोडे वेगळे असणारच. ते कुठे बदलायचे, ती जागा मात्र एकच ठेवा!

डोकं चालवा : सुरक्षित वेबपानांचं पोर्ट ४४३. त्याचे दोन बाइट उलटे वाचले, तर कोणता आकडा येईल?

(उत्तर : ४४३ = १ × २५६ + १८७. उलटं केलं, की १८७ × २५६ + १ = ४७८७३.)