कमानीखालून कोरडं

पावसाळ्यात बोरीबंदरला गाडीतून उतरलं की सबवेतून रस्त्याच्या पलीकडे निघायचं आणि दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखाली शिरायचं. तिथून फोर्टातल्या आमच्या ऑफिसापर्यंत छत्री उघडावी लागे ती फक्त गल्ल्या ओलांडताना. एकतीस वर्षं मी ड्राफ्ट्समन म्हणून त्या रस्त्याने ये-जा केली. साहेब आर्किटेक्ट, मी मापं घेणारा आणि नकाशे काढणारा. त्यामुळे जुन्या इमारतींबद्दल मला जे कळतं ते पुस्तकातलं कमी आणि परांचीवरचं जास्त.

या कमानी कुणा शेठजींच्या दानशूरपणातून आल्या असतील असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही. १८६०च्या दशकात फोर्टचा तट पाडला आणि हा रस्ता, तेव्हाचा हॉर्नबी रोड, रुंद झाला. मग १८९६ मध्ये नियम आला की इथे बांधायचं तर तळमजल्यावर पायी चालणाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवलाच पाहिजे. वरच्या मजल्यांवर प्रत्येकाने आपली हौस भागवली. कुणी टोकदार गॉथिक खिडक्या केल्या, कुणी गच्चीवर घुमट चढवला. खाली मात्र सगळे एका ओळीत. दुकानदारांनाही ते पथ्यावरच पडलं, कारण पावसामुळे थांबलेलं गिऱ्हाईक शोकेसकडेच बघणार. व्हाइटअवे लेडलॉचं मोठं दुकान याच रस्त्यावर होतं. पुढे त्या इमारतीत खादी भांडार आलं. धंदा आणि इमारतीचा दर्शनी भाग यांचं वैर इथे मूळचं नव्हतं.

बिनसलं ते नंतर. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. जिन्यातल्या दिव्याचा खर्च निघेना, तिथे मालक दगडाला हात कशाला लावतोय? गच्च्या गळू लागल्या, तुळयांची टोकं कुजली. त्याच वेळी जमिनीचा भाव आभाळाला भिडला. मग पुनर्विकास हा शब्द आला आणि त्यामागोमाग ‘पुढची भिंत ठेवू, मागे टॉवर उभा करू’ ही तडजोड.

मुंबईत ऐतिहासिक इमारतींसाठी १९९५ मध्ये नियम झाले. भारतातल्या शहरांत असे नियम पहिल्यांदा इथेच. इमारतींच्या श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालतील, तिसरीत बरीच मोकळीक. बांधकामाचा हक्क बुडाला तर मालकाला त्या बदल्यात टीडीआर मिळावा, म्हणजे तो हक्क दुसरीकडे विकता यावा, अशीही सोय केली. कागदावर हे चांगलंच आहे. पण दर्शनी भाग म्हणजे नेमकं काय, हे श्रेणीवरून कळत नाही. मला ते कळलं शिशाच्या पट्टीनं.

खिडकीवरच्या पोरबंदरी दगडाच्या नक्षीचं माप टेपनं घेता येत नाही. शिशाची मऊ पट्टी त्या गोलाईवर अंगठ्यानं दाबत न्यायची, आकार आला की न हलवता उचलायची, कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची. एकदा पट्टी दाबताना नक्षीवरचा ऑइलपेंटचा पापुद्रा सुटला आणि मागचा दगड साखरेसारखा हातात आला. रंगानं ओल आत कोंडलेली. त्याच भिंतीत सिमेंटनं भरलेल्या सांध्यांची तीच कथा. आमचे मिस्त्री म्हणाले, “दादा, दगडाला रेनकोट घातला की तो आतून भिजतो.” जुन्या सांध्यांत चुनाच हवा, कारण चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते.

त्याच भिंतीच्या मागच्या अंगाला सागवानी तुळयांची टोकं दगडात वीतभर रुतलेली होती. तुळयांचं वजन भिंत घेते आणि तुळया भिंतीला पुढे कलू देत नाहीत. मागचं सगळं काढायचं तर आधी ती भिंत लोखंडी कैच्यांनी धरून ठेवावी लागते, नवा सांगाडा उभा राहिला की त्याला बांधून घ्यावी लागते. हे जमतं; मी जमलेलं पाहिलंय. खर्च मात्र असा येतो की बिल्डरला दोन मजले जास्त हवे होतात.

ते दोन मजले कुठून येतात, ते बघायचं तर रात्री बघा. जुन्या मजल्याची उंची चौदा-पंधरा फूट. नव्या ऑफिसांना दहा-अकरा पुरतात. म्हणून नवा स्लॅब जुन्या खिडकीच्या मधोमध येतो. दिवसा काचेमागे काही दिसत नाही. संध्याकाळी दिवे लागले की एकाच उंच कमानदार खिडकीत खाली कुणाचं तरी डोकं आणि वर कुणाचे तरी बूट! असा एक नकाशा मीच काढलाय, माझ्याच हातानं. साहेबांना म्हटलं, “खिडकी कापली जातेय.” ते म्हणाले, “बाहेरून नाही ना?” पगार चालू होता, मी शाई भरली.

काळा घोडा भागातल्या एस्प्लनेड मॅन्शनला, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलला, ही चलाखी करताच येणार नाही. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून जहाजानं आला आणि तो सांगाडाच इमारतीचं रूप आहे. तिथे चेहरा ठेवून धड काढणं जमायचं नाही.

माझी खरी तक्रार खिडकीपेक्षा तळमजल्याची आहे. वरचं कोरीवकाम टिकवण्यासाठी समित्या बसतात, फोटो छापून येतात. खाली कमानीत गाड्यांचं प्रवेशद्वार किंवा काचेची लॉबी येते, वॉचमन ‘पलीकडून जा’ म्हणतो. चेहरा शाबूत, पाय कापलेले. ज्या चालणाऱ्यासाठी नियम झाला होता तो पुन्हा रस्त्यावर.

उलटंही घडलंय, तेही सांगतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस संवर्धन-आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांनी याच रस्त्याच्या दर्शनी भागांचा अभ्यास करून पाट्यांना शिस्त लावण्याचं काम हाती घेतलं. तोवर कमानींवर प्लास्टिकचे उजळ डबे खिळ्यांनी ठोकलेले असत. पाटी कमानीच्या आत, गोलाई दिसेल अशी बसवायची, एवढी साधी गोष्ट. बऱ्याच दुकानदारांनी ते मनावर घेतलं. डबे उतरले तेव्हा काही ठिकाणी मागून कोरलेली पानं निघाली, आणि आम्ही ऑफिसातले चौघे जेवणाच्या सुट्टीत ती बघायला गेलो होतो.

गेल्या जूनमध्ये पेन्शनच्या कामाला त्या बाजूला गेलो. सबवेतून वर आलो, कमानीखाली शिरलो. चार इमारती कोरडा चाललो. पाचवीपाशी निळे पत्रे, कमानी आत बंद, वरती ताडपत्रीतून जुन्या खिडक्यांची टोकं डोकावत होती. छत्री उघडली, बसला वाट दिली आणि पत्र्यांच्या कडेकडेनं पुढच्या कमानीपर्यंत गेलो. डावा खांदा भिजला.