लाकडाच्या वजनात पाणी किती?

वखारीतून ट्रकभर जळाऊ लाकूड घेताना वजनकाटा खरे वजन सांगतो, पण त्यात लाकूड किती आणि पाणी किती, हे सांगत नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. नीट वाळलेल्यात ते २० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे एक टन ओल्या मालात लाकूड ५०० किलो, तर वाळलेल्यात ८०० किलो.

समजा, वाळलेल्या लाकडाचा दर किलोला ८ रुपये आहे. मग या हिशेबाने ओल्याचा दर ५ रुपये होतो. प्रत्यक्षात तो त्याहूनही कमी हवा, कारण आतल्या पाण्याची वाफ करण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. शिवाय ओले लाकूड धुमसते आणि धूर वाढतो.

पूर्ण वाळल्यावर बाभूळ काय नि आंबा काय, किलोमागे उष्णता जवळपास सारखीच मिळते. मात्र बाभूळ घट्ट असल्याने तेवढ्याच जागेत जास्त मावते. म्हणून ढिगाच्या मापाने घेताना जात पाहावी आणि वजनाने घेताना ओल.

वाळलेल्या ओंडक्याच्या टोकाला चिरा पडतात, साल सुटते, दोन तुकडे आपटले की टणक आवाज येतो. खात्री हवी असेल तर मधल्या भागातल्या चार-पाच ढलप्या तोलून घ्या, मंद आचेच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. झालेली घट म्हणजे पाणी. दर त्यावरून दोघांनी मिळून ठरवावा. त्यात माल वाळवून विकणाऱ्यालाही त्याच्या कष्टाचा मोबदला मिळतो.