वाफ, रस आणि यंत्रणा (भाग ८) : पाइपाच्या मापाने व्हॉल्व्ह घेऊ नका

मागच्या भागात आपण ट्रान्समीटर पाहिला. दाब, तापमान किंवा पातळी मोजून तो ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवतो आणि कंट्रोलर त्यावरून हिशेब करतो. पण नुसत्या हिशेबाने वाफ कमी-जास्त होत नाही. ते काम करतो कंट्रोल व्हॉल्व्ह. या सगळ्या साखळीत वाफेचा आणि रसाचा मारा अंगावर घेत सतत हलणारा भाग तोच, त्यामुळे झिजतो, अडकतो आणि गळतोही तोच.

कर्नाटकातल्या करजगीच्या परिसरात उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. अफझलपूर तालुक्यातच हवळग्याला रेणुका शुगर्सचा कारखाना आहे आणि सीमेपलीकडे सोलापूर जिल्ह्यात तर साखर कारखान्यांची दाटीच आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून तिथे लागणाऱ्या मुलांसाठी हा भाग मुद्दाम साखर कारखान्यातूनच सांगतो.

माणसाने चाक फिरवून दाब सांभाळायचा, ही जुनी रीत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मार्शलटाउन गावी विल्यम फिशर यांनी आगीच्या वेळी पाण्याचा दाब टिकवण्यासाठी रात्रभर हाताने पंप सांभाळला आणि त्या अनुभवातून पंपाचा दाब आपोआप राखणारा गव्हर्नर तयार केला. १८८० मध्ये सुरू झालेली त्यांची कंपनी पुढे या क्षेत्रातली मोठी कंपनी झाली. आज पुण्यात फोर्ब्स मार्शलसारख्या कंपन्या हे व्हॉल्व्ह बनवतात.

आता प्रकार. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये प्लग सीटवर वर-खाली होतो. बारीक नियंत्रण आणि मोठा दाब उतरवणे, दोन्हीला तो चांगला. वीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यात बॉयलरची वाफ ६७ किंवा ८७ किलो दाबाची असते, पण रस आटवायला दीड किलोच्या आसपासची पुरते. एरवी हा दाब टर्बाइनमधून जाताना उतरतो. टर्बाइन ट्रिप झाली की तो पीआरडीएसने, म्हणजे वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेने उतरवायचा असतो आणि पाणी फवारून तापमानही खाली आणायचे असते. तिथे कठीण ट्रिमचा (म्हणजे आतल्या प्लग-सीटचा) ग्लोबच हवा. कच्च्या रसात मात्र उसाचा बारीक भुसा येतो. ग्लोबच्या प्लगभोवती असलेल्या केजमध्ये तो अडकून बसतो, म्हणून तिथे बटरफ्लाय किंवा सेगमेंट बॉल बरा. मोठ्या व्यासाच्या, कमी दाबाच्या व्हेपर लाइनवरही बटरफ्लायच सोयीचा आणि स्वस्त. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठीच असतो. तो अर्धवट उघडा ठेवून काम चालवले तर गेट आणि सीट खराब होतात.

हंगाम संपल्यावर गरम पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडला की कधी कधी प्लग किडलेल्या दातासारखा दिसतो. पाणी अरुंद जागेतून जाताना त्याचा दाब इतका घसरतो की बुडबुडे तयार होतात. पुढे दाब परत वाढला की ते फुटतात आणि धातूचे कण उडवतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. चालू व्हॉल्व्हमधून खडी वाहत असल्यासारखा आवाज आला तर ही शंका घ्या. पृष्ठभाग खडबडीत न होता गुळगुळीत कापला गेला असेल, तर तो फ्लॅशिंगचा मार. तिथे बुडबुडे फुटत नाहीत, पाण्याची वाफ होऊन ती तशीच पुढे जाते.

व्हॉल्व्ह हलवणारा तो ॲक्च्युएटर. सर्वांत जास्त दिसतो तो स्प्रिंग-डायफ्रामचा, साधारण ०.२ ते १ किलो हवेवर चालणारा. जास्त जोर हवा असेल तर पिस्टन सिलिंडर. हवेची लाइन नसलेल्या दूरच्या पंपहाऊसला मोटरचा ॲक्च्युएटर सोयीचा. वीज गेली की तो साधारणपणे आहे तिथेच थांबतो.

इथे निवडीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो : हवा गेली तर व्हॉल्व्हने काय करायचे? बगॅसचा (बॉयलरमध्ये जळणाऱ्या चिपाडाचा) पुरवठा थांबवला तरी ग्रेटवरचा जाळ लगेच विझत नाही, आणि ड्रममधले पाणी संपले तर ट्यूबा जळतात. म्हणून अशा बॉयलरच्या फीडवॉटरचा व्हॉल्व्ह बहुधा हवा गेल्यावर उघडणारा निवडतात. पीआरडीएसचा वाफेचा व्हॉल्व्ह उलट बंद होणारा असावा, नाहीतर मोठ्या दाबाची वाफ कमी दाबाच्या हेडरमध्ये शिरेल. हा निर्णय खरेदीच्या आधी, प्रोसेस आणि बॉयलरच्या माणसांना सोबत बसवून घ्यायचा असतो. तो स्टोअरवर सोडू नये.

मग माप. केव्ही म्हणजे व्हॉल्व्हवर १ बार दाब उतरत असताना तासाला जाणारे पाणी, घनमीटरमध्ये. समजा मिलवर इम्बिबिशनला (उसाच्या चोथ्यावर पाणी सोडायला) तासाला ४० घनमीटर पाणी हवे आहे आणि व्हॉल्व्हवर उतरणारा दाब १ बार आहे. म्हणजे लागणारा केव्ही ४०. लाइन १०० मिलिमीटरची आहे म्हणून १०० चाच व्हॉल्व्ह बसवला, तर त्याचा केव्ही सुमारे १६०. लिनियर ट्रिम (जितका उघडा तितक्याच प्रमाणात प्रवाह देणारी) असेल तर तो नेहमी २५ टक्केच उघडा राहील. गाळप निम्म्यावर आले की साडेबारा टक्के. सीटला चिकटून तो थरथरत राहतो आणि सीट कापली जाते. ६५ मिलिमीटरचा, सुमारे ६३ केव्हीचा घेतला तर तो साधारण ६३ टक्क्यांवर चालेल आणि दोन्ही बाजूंना जागा राहील. व्हॉल्व्ह लाइनपेक्षा लहान असणे हा दोष नाही. बहुतेक वेळा तीच योग्य निवड असते.

म्हणून पुरवठादाराला लाइनचे माप सांगून थांबू नका. कमीत कमी, नेहमीचा आणि जास्तीत जास्त असे तीन प्रवाह द्या. प्रत्येकाबरोबर आधीचा व नंतरचा दाब, तापमान आणि द्रवात काय मिसळलेले आहे तेही लिहा. ही माहिती नसेल तर कितीही महागडा व्हॉल्व्ह अंदाजानेच घेतलेला ठरतो, आणि अंदाज चुकला की त्याची किंमत ऐन गाळपात, मिल थांबवून मोजावी लागते.

पुढच्या भागात पोझिशनर : तो काय करतो, आणि हवेच्या लाइनमधल्या पाण्याने तो कसा बिघडतो.